सर, लिहून घेऊ की ऐकू?

भरती-ओहोटीचा पाठ होता. रविवारची अख्खी दुपार घालवून मी बावीस स्लाइडची पीपीटी केली होती. गडद निळी पार्श्वभूमी, त्यावर पिवळी अक्षरं आणि प्रत्येक ओळ उजवीकडून उडत येणारी. सातव्या स्लाइडवर आठ ओळी होत्या. मी त्याच आठ ओळी, शब्द जरा इकडचे तिकडे करून, तोंडाने सांगत होतो. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी खाली मान घालून भराभर लिहीत होती. तिने मान वर केली आणि विचारलं, "सर, लिहून घेऊ की ऐकू?"

मी म्हटलं, "दोन्ही कर."

तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चुकीचं, हे समजायला मला दोनेक वर्षं लागली. तोवर ती दहावी होऊन गेलीसुद्धा. पीपीटी करणाऱ्या शिक्षकांशी बोलताना मी अजूनही तिच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण वर्गातल्या स्लाइडचं सगळं बरंवाईट त्यात आलं आहे.

आमची शाळा देवगड तालुक्यात, खाडीच्या काठाला. शाळेकडे येताना एक वहाळ, म्हणजे ओढा, लागतो आणि त्यावर साकव आहे. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो: साकव म्हणजे वहाळावरचा अरुंद पायपूल. पूर्वी झाडाचे ओंडके टाकून करत, आता सिमेंटचे असतात. एका वेळी एकच माणूस नीट जाईल एवढीच रुंदी. दोन्ही टोकांनी माणसं निघाली की मध्ये खोळंबा ठरलेला.

मुलाच्या डोक्यात शब्दांना जाण्यासाठी असाच एक साकव असतो. कानाने ऐकलेले शब्द त्यावरून जातात, हे उघड आहे. डोळ्यांनी वाचलेले शब्दही त्यावरूनच जातात, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही. मनातल्या मनात वाचताना आत एक आवाज ऐकू येतो ना? तोच तो. म्हणजे पडद्यावरच्या आठ ओळी आणि माझं बोलणं एकाच साकवावर समोरासमोर येतात. बरं, वाचण्याचा आणि बोलण्याचा वेगही सारखा नसतो. मी तिसऱ्या ओळीवर असतो तेव्हा हुशार मूल सहाव्या ओळीवर पोचलेलं असतं आणि मागच्या बाकावरचं पहिलीवरच अडकलेलं. ऐकून घेणारं कोणीच उरत नाही.

चित्राची वाट निराळी आहे. चित्र बघताना कान मोकळे राहतात आणि शब्दांचा साकवही मोकळा राहतो. म्हणून चित्र दाखवत बोललेलं आत जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बारा शाखेत रिचर्ड मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरीच वर्षं प्रयोग केले. एका गटाला चित्र आणि निवेदन द्यायचं, दुसऱ्याला चित्र, निवेदन आणि शिवाय तेच निवेदन पडद्यावर लिहून. वाटतं की दुसऱ्या गटाला जास्त मिळालं, तर त्याला जास्त समजेल. निघालं उलटं. याला अपवाद आहेत. नवा पारिभाषिक शब्द लिहून दाखवलाच पाहिजे. आमच्याकडे घरी मालवणी बोलणारी मुलं असतात, त्यांना 'गुरुत्वाकर्षण' नुसतं ऐकून लिहिता येत नाही. ज्याला कमी ऐकू येतं त्याला तर लिहिलेल्याचाच आधार. पण एखादा शब्द लिहिणं वेगळं आणि अख्खा परिच्छेद पडद्यावर डकवणं वेगळं.

आता डोक्यातल्या जागेबद्दल. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली मांडलं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी, दोन कमी किंवा दोन जास्त, हातातल्या हातात धरून ठेवू शकतो. पुढच्या संशोधकांनी हा आकडा आणखी खाली आणला, चारच्या आसपास. 'गोष्ट' म्हणजे काय, हे मात्र ज्याच्या त्याच्या ओळखीवर ठरतं. 'रापण' म्हटल्यावर आमच्या मुलाच्या डोळ्यांसमोर जाळं, दोर, किनाऱ्यावरून ओढणारी माणसं, पाटीतले मासे असं सगळं एकदम येतं. ती त्याच्यासाठी एकच गोष्ट. विदर्भातल्या मुलाला त्यातला एकेक तुकडा वेगळा सांगावा लागेल आणि त्याच्या चारही जागा तिथेच भरतील. म्हणून इंटरनेटवरून उतरवलेलं परदेशी बंदराचं सुंदर चित्र आमच्या वर्गात महाग पडतं आणि गावच्या जेटीचा मोबाइलवर काढलेला वाकडातिकडा फोटो फुकट.

मग आपण सगळे ओळींवर ओळी का लिहीत बसतो? थोडा दोष हत्याराचाही आहे. पॉवरपॉइंट पहिल्यांदा विकायला आलं ते १९८७ साली, मॅकिंटॉश संगणकांसाठी. फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते घडवलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ऑफिसातली बैठक होती: साहेब लोक टेबलाभोवती बसलेत आणि कोणीतरी आपला प्रस्ताव त्यांच्या गळी उतरवतोय. बैठकीतल्या माणसाला विषय आधीच माहीत असतो, त्याला चार मुद्दे पुरतात. नवीन स्लाइड उघडा, ती आजही तुम्हाला हेच सांगते: वर मथळा लिही, खाली ठिपके देऊन मुद्दे लिही. आपणही आज्ञाधारकपणे लिहितो. शाळेत मात्र समोर बसलेल्याला विषय माहीत नसतो, म्हणून तर तो शाळेत आलेला असतो.

ठिपके काय करतात, याचं एक फार गंभीर उदाहरण आहे. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होती त्याच्या उड्डाणाच्या वेळी, जानेवारी २००३ मध्ये, इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज घेतला आणि तो स्लाइडवर मांडला. आधीच्या चाचण्यांत वापरलेल्या तुकड्यापेक्षा हा तुकडा आकारमानाने सुमारे ६४० पट मोठा होता. म्हणजे त्या चाचण्यांवरून काही ठरवणंच कठीण होतं. ही गोष्ट स्लाइडच्या अगदी तळाला, ठिपक्याखालच्या ठिपक्याखाली, बारीक अक्षरांत होती आणि वर मोठ्या अक्षरांतला मथळा धीर देणारा होता. १ फेब्रुवारीला परत येताना यान तुटलं, सातही जण गेले. स्लाइडमुळे यान पडलं असं कोणी म्हणत नाही. पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडचं स्वतंत्र विश्लेषण केलं आणि तांत्रिक अहवालांच्या जागी अशा स्लाइड वापरण्याच्या सवयीवर बोट ठेवलं. ठिपक्यांच्या यादीत 'म्हणून', 'पण', 'त्यामुळे' हे शब्द गळून पडतात. आणि शिकवणं म्हणजे दुसरं काय असतं? 'म्हणून', 'पण' आणि 'त्यामुळे' हेच.

तोच पाठ, नऊ स्लाइडमध्ये

बावीसच्या आता नऊ झाल्या आहेत. त्यातल्या दोन म्हणजे दोन फोटो, पाच म्हणजे एकच चित्र, आणि उरलेल्या दोनांचं पुढे सांगतो.

पहिले दोन फोटो आमच्या जेटीचे. भरतीच्या वेळी जेटीच्या समोरच्या गडग्यावर, म्हणजे दगडी बांधावर, मोबाइल टेकवून एक काढला, सहा तासांनी त्याच दगडावर त्याच कोनात दुसरा. दोन स्लाइडवर ते अगदी एकावर एक बसतील असे ठेवले. बटण दाबलं की जेटी जागची हलत नाही, पाणी तेवढं खाली जातं आणि होड्या चिखलात बसतात. पडद्यावर एक अक्षर नाही. मी चार-पाच वेळा पुढे-मागे करतो आणि गप्प राहतो. गप्प राहणं हा या स्लाइडचा सगळ्यात कठीण भाग आहे, मला अजून पूर्ण जमत नाही. मग कोणीतरी बोलतं: "सर, पायऱ्यांवर शेवाळ कुठवर आलाय बघा." बरोबर, पाणी रोज कुठवर चढतं त्याची खूण तिथे आहे. हे पुस्तकात नाही आणि माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

पुढचं चित्र पृथ्वी-चंद्राचं. या पाठात सगळ्यांना अडवणारा प्रश्न एकच: चंद्राच्या बाजूचं पाणी फुगतं हे समजलं, पण पलीकडच्या बाजूचं का फुगतं? तिथे तर चंद्र नाही. पुस्तकातल्या आकृतीत दोन्ही फुगवटे एकदम छापलेले असतात, त्यामुळे प्रश्न पडण्याआधीच उत्तर समोर येतं आणि मग ते पाठ करावं लागतं. स्लाइडचा खरा उपयोग इथे आहे: आकृती एकेक पायरीने उघडता येते. पहिल्या स्लाइडवर नुसती पृथ्वी, पाण्याच्या गोल थरासह. दुसरीवर चंद्र येतो. तिसरीवर तीन बाण: चंद्राकडच्या पाण्यावर लांब, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून आखूड, पलीकडच्या पाण्यावर सर्वांत आखूड. कारण अंतर वाढलं की ओढ कमी. चौथीवर अलीकडचा फुगवटा. आणि इथे मी थांबतो.

तीन मुलांना व्हरांड्यात उभं करतो, एकामागे एक. पुढच्याने जोरात धावायचं, मधल्याने त्याहून हळू, मागच्याने सगळ्यात हळू. शिट्टी वाजली की दहा पावलांत दिसतं: मधल्याच्या पुढेही अंतर पडलं आणि मागेही. मधल्याला विचारायचं, "तुला काय दिसलं?" तो सांगतो, पुढचा लांब गेला आणि मागचाही लांब राहिला. मधला म्हणजे पृथ्वी. मागचा म्हणजे पलीकडचं पाणी. ते चंद्रापासून दूर पळालेलं नसतं, मागे राहिलेलं असतं. वर्गात परत येऊन पाचवी स्लाइड दाबली की दुसरा फुगवटा येतो आणि तेव्हा तो कोणालाच परका वाटत नाही.

यात एक कामाची युक्ती आहे. ही आकृती उघडण्यासाठी मी अ‍ॅनिमेशन वापरत नाही. एक स्लाइड करतो, तिची नक्कल काढतो, नकलेत एक गोष्ट वाढवतो, पुन्हा नक्कल. पाच स्लाइड होतात, पण दाबत गेलं की एकच चित्र वाढताना दिसतं. अ‍ॅनिमेशन दुसऱ्या संगणकावर, जुन्या आवृत्तीत किंवा मोबाइलवर कधी कधी रुसतं, साधी स्लाइड कुठेही उघडते. पॉवरपॉइंट नसेल तर लिबरऑफिसचं इम्प्रेस फुकट मिळतं, हे सगळं त्यातही होतं. उडत येणाऱ्या, गरगर फिरणाऱ्या ओळींबद्दल बोलायचं तर, माझ्या त्या बावीस स्लाइडांवर मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या कशाला होत्या ते मी नंतर तपासलं. एका ओळीतलंही काही कोणाला आठवत नव्हतं, गिरकी मात्र आठवत होती.

शेवटच्या दोन स्लाइड उधाण आणि भांगाच्या. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, सूर्य चंद्राचं काम थोडं बिघडवतो आणि पाणी कमी चढतं, ती भांगाची. सूर्य केवढा अवाढव्य, तरी त्याचा भरतीवरचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही कमी, कारण तो फार लांब आहे. इथे माझ्याकडे पूर्वी एक स्लाइड होती: 'दोन भरतींमधील अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटे. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते.' ती मी काढली, त्याची गोष्ट अशी.

ती स्लाइड पडद्यावर असताना शेवटच्या बाकावरचा एक मुलगा खिडकीतून खाडीकडे बघत होता. वडील होडीवर जातात. मी त्याला उठवलं, जरा दरडावूनच. तो म्हणाला, "सर, आज चवथ. तीन वाजता भरती."

"कशावरून?"

"बाबा सांगतत. चाराची पाऊणपट तीन."

मी लॅपटॉपवर बी दाबलं. पडदा काळा झाला आणि मुलाच्या हातात खडू दिला. त्याने मांडलं ते असं: पक्षातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती, अर्धापाऊण तास इकडेतिकडे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मुंबईला आणि आमच्याकडे वेळेत थोडा फरक पडतो, पण अंदाजाला हे पुरतं. मग वर्गाला विचारलं, पाऊणच का? पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, म्हणजे तिथी एकाने पुढे गेली की भरती पाऊण तास पुढे. पुस्तकातली ५० मिनिटं ती हीच, थोडी ठोकळ केलेली. आणि ५० मिनिटं का? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तोवर चंद्र पुढे सरकलेला असतो, त्याला पुन्हा गाठायला तेवढा जादा वेळ लागतो. हे शेवटचं वाक्य फक्त मी बोललो. बाकीचा पाठ त्या मुलाने घेतला.

बी हे अक्षर मला माहीत असलेलं पॉवरपॉइंटमधलं सगळ्यात चांगलं बटण आहे. पडदा काळा, मुलांचे डोळे परत तुमच्याकडे. पुन्हा दाबलं की स्लाइड जिथे होती तिथे. डब्ल्यू दाबलं तर पडदा पांढरा होतो. पडद्याऐवजी भिंत किंवा पांढरा फळा असेल तर त्यावर तो उजेड घेऊन लिहिता येतं. स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर मारलं की थेट तिथे जाता येतं. मुलाने मागचं विचारलं तर 'थांब हं' म्हणत बारा स्लाइड उलट्या पळवाव्या लागत नाहीत. एफ ५ ने कार्यक्रम सुरू होतो, शिफ्ट धरून एफ ५ दाबलं तर आहात त्याच स्लाइडपासून.

फळा काढून टाकू नका

पडदा आला म्हणून काही शाळांत फळ्यावरच पडदा टांगतात. माझ्या मते हे चूकच. फळ्याकडे एक गुण आहे जो स्लाइडला कधीच येणार नाही: त्याचा वेग हाताचा असतो. मी खडूने आकृती काढतो त्याच वेगाने मूल वहीत काढतं, आणि रेष आधी कुठली, नंतर कुठली हे त्याला दिसतं. स्लाइड एकदम अख्खी येऊन पडते. शिवाय स्लाइड गेली की गेली, फळ्यावरचं तास संपेपर्यंत राहतं, मागचं बघून पुढचं जोडता येतं. म्हणून गणिताची उदाहरणं, समीकरणं, व्याकरण फोडणं हे मी फळ्यावरच करतो. हाताने काढता येत नाही किंवा तोंडाने सांगून दिसत नाही, तेच स्लाइडवर: फोटो, नकाशा, हलणारी गोष्ट, फार मोठं किंवा फार लहान काही. राजापूर तालुक्यात काशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. १८ मीटर म्हणजे आमच्या वर्गाच्या भिंतीपेक्षा लांब, हे नुसतं सांगून पटत नाही. शेजारी माणूस उभा असलेला वरून घेतलेला फोटो दाखवला की सगळ्यांच्या तोंडून एकदम आवाज येतो.

आता अक्षरांचं दुखणं. एका प्रशिक्षणाला मी पेन ड्राइव्हवर मराठी पीपीटी घेऊन गेलो. तिथल्या संगणकावर उघडली तर 'भरती-ओहोटी'च्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. पुढचा अर्धा तास मी आठवणीवर बोललो, आणि खरं सांगायचं तर तो माझा सगळ्यात बरा पाठ झाला. झालं काय होतं? जुन्या मराठी फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षरं रोमनच असतात, फॉन्ट त्यांना मराठी कपडे घालतो. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की कपडे उतरतात. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कायमचा नंबर असतो, क चा २३२५, ळ चा २३५५. मग फॉन्ट बदलला तरी फार तर वळण बदलतं, अक्षर तेच राहतं. तेव्हा युनिकोडमध्येच टाइप करा, आणि तरी धाकधूक असेल तर फाइलची पीडीएफ प्रत सोबत ठेवा.

आकाराबद्दल लोक पॉइंटचे आकडे सांगतात. मी एक साधं माप वापरतो. आमचा पडदा पाच फूट रुंद आणि शेवटचा बाक वीस फुटांवर, म्हणजे चौपट. लॅपटॉपची स्क्रीन साधारण एक फूट रुंद. म्हणजे स्लाइड केल्यावर लॅपटॉपपासून चार फूट मागे सरकायचं. मला तिथून जे वाचता येत नाही ते शेवटच्या बाकाला वर्गात वाचता येणार नाही. देवनागरीत हा प्रश्न इंग्रजीहून अवघड आहे, कारण वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार यांच्या गर्दीत मधलं अक्षर बारीक होतं. ओळींमध्ये जास्त मोकळी जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

आणि माझी ती निळी पार्श्वभूमी! आमच्या वर्गाचं छप्पर कौलांचं, मध्ये दोन काचेची कौलं, दुपारी त्यातून ऊन थेट पडद्यावर. प्रोजेक्टर फक्त उजेड टाकू शकतो. काळोख टाकणारं यंत्र अजून निघालेलं नाही. स्लाइडवरचं काळं म्हणजे जिथे त्याने काहीच टाकलं नाही ती जागा. तिथे पडदा जसा आहे तसा, आणि वर्गात ऊन असेल तर राखाडी दिसतो. गडद पार्श्वभूमी अशीच धुऊन निघते. उजेडाच्या वर्गात पांढऱ्यावर काळी अक्षरं, दुसरं काही नको. लाल आणि हिरव्या रंगाने फरक दाखवू नका, वर्गात एखादा मुलगा असतो ज्याला ते दोन्ही सारखेच दिसतात आणि तो कधी बोलत नाही.

लाईट जाण्याबद्दल कोकणातल्या माणसाला काय सांगायचं? पावसाळ्यात मी नऊ स्लाइड एका कागदावर छापून ठेवतो. प्रोजेक्टर वापरला नाही तर दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तरी तो चालू करतो.

पडद्याची एक खोड धोक्याची आहे: त्यावर आलं की काहीही खरं वाटतं. आमच्या तालुक्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून चौथरे दाखवतात. मुलांनी एकदा त्यावर स्लाइड केली: १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकियर या शास्त्रज्ञाने इथे उभं राहून हेलियम शोधला. ग्रहणाची तारीख बरोबर. पण ग्रहण बघणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा आंध्रात गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडमध्ये, त्याने सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची खूण असलेली पिवळी रेष नंतर तिथूनच पाहिली. मुलं हिरमुसली. मीही थोडा हिरमुसलो, आपल्या तालुक्याचा मान कोणाला नको असतो? पण मग त्यांनीच दुसरी स्लाइड केली: अशी कथा किल्ल्यावर सांगतात, आणि नोंदी असं सांगतात. तेव्हापासून मुलांच्या प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात माहिती कुठून घेतली ते लिहायचं, असा आमच्या वर्गाचा नियम आहे.

पूर्वी माझी शेवटची स्लाइड हात जोडलेली, गुलाबाचं फूल आणि 'धन्यवाद' अशी असायची. सगळ्यांचीच असते. पंचेचाळीस मुलांना रोज पाच वेळा धन्यवाद कशासाठी, हे कोणी विचारत नाही. चतुर्थीच्या त्या तासाला तीही दाखवली नाही, पडदा काळाच राहिला. फळ्यावर मुलं पुढच्या तिथ्यांची गणितं करत होती. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच. शाळा पाचला सुटते. मुख्याध्यापकांना विचारलं आणि सप्तमीला सगळा वर्ग जेटीवर गेला, दप्तरांसकट.

एक नारळाचं सोडण, म्हणजे सालाचा तुकडा, पाण्यावर तरंगत खाडीत आत आत चाललं होतं. मुलं त्याच्याकडे बघत उभी राहिली. जेटीसमोर आलं तसं ते मंद झालं, मग जागच्या जागी फिरायला लागलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. पायऱ्या मात्र बऱ्याच कोरड्या राहिल्या होत्या.

"सर, एवढीच भरती?" एका मुलीने विचारलं.

"भांगाचा पाणी," माझ्याआधी शेवटच्या बाकावरचा तोच मुलगा बोलला आणि कोरड्या पायऱ्या मोजायला खाली उतरला.